उघड्या टपाची मिनी, तुळजापूरचा घाट आणि सोलापूरचं ऊन

तू विचारलंस, "काका, ही मिनी कूपरची टप उघडणारी गाडी चालते कशी? सोलापूरच्या उन्हा-धुळीत टिकेल का? आणि हिला खरंच स्पोर्ट्‌स कार म्हणायचं का? तुम्ही चालवून सांगितल्याशिवाय मी बुकिंग करणार नाही." तुझ्या वडिलांनीही पद्मिनी काढून मारुती घेताना हेच केलं होतं, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता लिहूनच पाठवतोय. तुझा आत्येभाऊ गड्ड्याच्या यात्रेला पुण्याहून ही गाडी घेऊन आला आणि दोन दिवस किल्ली माझ्याकडे ठेवली. मी ती एकदा पहाटे तुळजापूरला नेली, एकदा भर दुपारी अक्कलकोटला आणि दोन्ही संध्याकाळी गावात फिरवली. गॅरेजला एकतीस वर्षं झाली, त्यात उघड्या गाड्या थोड्याच हाताखालून गेल्या. पण त्या थोड्यांनीच मला बरंच शिकवलं.

उघडी गाडी समोर आली की मी आधी बॉनेट उचलत नाही, दारं बघतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे वरातीची एक गाडी आली होती. कुणीतरी छोट्या हॅचबॅकचं छत गॅस कटरने कापून, आत पांढरं रेक्झिन मारून नवरदेवासाठी 'ओपन कार' बनवली होती. मालकाची तक्रार एवढीच, की माणसं बसली की दारं उघडत नाहीत. मी चौघांना आत बसवलं आणि बाहेरून बघितलं. दाराची वरची फट पार मिटलेली आणि खालची बोटभर उघडलेली. गाडी मधोमध झोळीसारखी वाकली होती. त्या दिवशी मी मालकाला हात जोडून सांगितलं, की हिच्यात माणसं बसवू नका.

हे असं का होतं ते समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, नसते. सगळी बॉडी मिळून एक खोकं असतं आणि छत हा त्या खोक्याचा एक भिंतीइतकाच महत्त्वाचा भाग. घरी बुटाचं रिकामं खोकं घे. झाकण लावून दोन्ही टोकांना धरून पीळ, ते सहजी दाद देत नाही. झाकण काढून पीळ, ओल्या टॉवेलसारखं फिरेल. जिप्सी किंवा थार यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटाखाली शिडीसारखी चेसिस असते, भार तीच पेलते, त्यामुळे वरचा कापडी टप असला काय, नसला काय, गाडीच्या ताकदीत फार फरक पडत नाही. छत कापून घेण्याचा विचार अजूनही लोकांच्या डोक्यात येतो, महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारायला येतंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. मी प्रत्येकाला कायद्याच्याही आधी ते बुटाचं खोकं दाखवतो.

कंपनीच जेव्हा उघडी गाडी काढते, तेव्हा गेलेल्या छताची भरपाई खाली करावी लागते. दाराखालचे उंबरे जाड करतात, तळाला आडवे-तिरपे आधार देतात, पुढच्या काचेच्या चौकटीत जाड पोलाद घालतात. या मिनीत मागच्या सीटांच्या मागे आधाराचे दांडे लपवलेले आहेत. गाडी उलटतेय असं वाटलं की ते आपोआप वर येतात. या सगळ्याने वजन वाढतं, म्हणून छप्पर नसलेली गाडी छपराच्या गाडीपेक्षा जड असते.

तर मी काय केलं, गॅरेजसमोर पुढचं डावं चाक चारेक इंचाच्या लाकडी ठोकळ्यावर चढवलं, टप पूर्ण उघडला आणि दार उघडून बंद केलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. तोच आवाज, एकच 'धप्‌'. मग पोस्टकार्ड दुमडून दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवलं. सपाट जमिनीवर जसं फिरत होतं तसंच फिरलं, फक्त वरच्या मागच्या कोपऱ्यात कणभर अडलं. उघड्या गाडीसाठी हे फार चांगलं लक्षण आहे. पुढचं सगळं लिहिताना माझा गाडीवरचा विश्वास त्या पोस्टकार्डापासून सुरू झाला, हे लक्षात ठेव.

पहाटे पावणेसहाला होटगी रोडवरून निघालो. जानेवारीची थंडी, अंगात स्वेटर, कानाला मफलर. स्टीअरिंगच्या मागे काटे नाहीत, वेगाचा आकडासुद्धा मधल्या मोठ्या गोल पडद्यावर. सुरू करायला किल्लीसारखा पिळायचा एक छोटा खटका आहे, तो मला मनापासून आवडला. हाताला काहीतरी केल्यासारखं वाटतं. टप उघडायला १८ सेकंद लागतात आणि ताशी ३० किलोमीटरपर्यंत गाडी चालू असतानाही तो उघडतो. सात रस्त्याला सिग्नल लाल होता, तेवढ्यात काम झालं. शेजारी दुधाच्या कॅनवाला थांबला होता, तो सिग्नल सुटला तरी बघतच राहिला. काचा वर, टप खाली आणि हीटरची हवा पायांकडे, उघडी गाडी थंडीत अशीच चालवायची. डोक्याला गार वारा आणि गुडघ्याला ऊब. शेकोटीशी बसून हुरडा खाताना अंगाला जसं वाटतं, तसं.

तुळजापूर नाका मागे टाकून पुढे गेलो आणि हिप्परग्याच्या तलावाशी हवा एकदम बदलली. बंद गाडीतून त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलोय, पण पाण्याजवळ एवढा गारवा असतो हे मला यंदा कळलं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लागल्या, त्यांच्या मागे ओल्या वाढ्याचा वास. मग कुठेतरी चुलीचा धूर. गाडीची परीक्षा लिहिताना वासाबद्दल कोण लिहितं, पण या गाडीचे पैसे तू ज्या गोष्टीसाठी देणार आहेस ती हीच आहे, म्हणून लिहितोय.

वाऱ्याचं सांगतो. ताशी ८० पर्यंत शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं. १०० ला आवाज चढवावा लागतो. त्यापुढे मानेवर मागून वारा येतो, आणि लोकांना याचंच नवल वाटतं, की वारा समोरून असताना मान का गारठते. काचेवरून उडी मारून गेलेली हवा मागे पोकळी सोडते आणि तीच भरायला उलटी वळून आत घुसते. त्यासाठी मागच्या सीटांवर जाळी बसवायची सोय असते. दोघंच जाणार असाल तर ती लावा, फरक लगेच कळेल.

आता इंजिन. १९९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, २०४ हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून आपोआप गिअर बदलणारा. कंपनी म्हणते शून्य ते शंभर ६.९ सेकंदांत. मी घड्याळ लावलं नाही, आपल्या रस्त्यावर ते लावूही नये. पण तामलवाडीच्या टोलनंतर रस्ता मोकळा मिळाला तिथे पाय दाबला आणि गाडीने दिलेली उडी अगदी मनासारखी होती. खालच्या आरपीएमलाच ताकद हजर असते, त्यामुळे ट्रकला ओलांडताना दोनदा विचार करावा लागत नाही. फक्त एक लक्षात ठेव. या गाडीत आपण बसतो खाली. ट्रकच्या शेजारून जाताना त्याचं चाक आपल्या खांद्याच्या पातळीला येतं, आणि ट्रकवाल्याला आपण आरशात दिसत नाही. टप उघडा असेल तर त्या टायरचा आवाज कानात शिरतो. म्हणून ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही, ओलांडायचं तर एका दमात.

गावातल्या गर्दीत ड्युअल क्लचशी थोडं सबुरीने वागावं लागतं. नवी पेठेत हातभर पुढे, हातभर मागे असं चाललं की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीने दोन मोटारींएवढी जागा सोडली की मगच ब्रेक सोडायचा. साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद नेणाऱ्या ऑटोमॅटिकवरून आलेल्यांना ही सवय लावून घ्यावी लागते.

तुळजापूरच्या घाटात मी तीन वेळा वरखाली केलं. तिसऱ्यांदा फक्त मन भरलं नाही म्हणून. स्टीअरिंग इतकं चटकन ऐकतं, की पहिल्या वळणाला मी जास्त वळवलं आणि मग परत सोडावं लागलं. दोन-तीन वळणांनी हाताला अंदाज येतो. मग गाडी वळणात झुकत नाही, डगमगत नाही, बैलगाडीच्या चाकोरीत बसल्यासारखी वळते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २४९५ मिलिमीटर आहे, त्याचाच हा गुण. त्याच गुणाचा दोष महामार्गाच्या लाटेसारख्या उंचसखल पट्ट्यावर दिसतो, तिथे नाक वरखाली होत राहतं आणि पाठीला कळतं. चढाच्या वळणातून बाहेर येताना पाय जोरात दाबला तर स्टीअरिंग हातात थोडं खेचतं, कारण ताकदही पुढच्याच चाकांना आणि वळायचं कामही त्यांच्याकडेच. दोन कामं एका हाताने करताना भाकरी थोडी वाकडी होणारच. पाय हळूहळू दाबला की हे होत नाही.

इथून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, स्पोर्ट्‌स कार की नाही. जुन्या व्याख्येने दोन सीटची, हलकी, मागच्या चाकांना ताकद देणारी उघडी गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. त्या व्याख्येचं आजचं उत्तम उदाहरण म्हणजे माझदाची एमएक्स-५, जी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली आणि २०१६ पर्यंत जिच्या दहा लाख गाड्या बनल्या. वजन जेमतेम एक टन. ती भारतात विकली जात नाही, त्यामुळे तो विषय आपल्यापुरता संपतो. आपल्याकडेही एक प्रयत्न झाला होता, सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची, दोन दारांची, फायबरची बॉडी आणि रेनोचं छोटं इंजिन. त्या काळात एवढं धाडस करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर आहे. एमजीची सायबरस्टर २०२५ मध्ये आली, इलेक्ट्रिक, ताकद ५१० पीएस, कात्रीसारखी वर उघडणारी दारं. वेगात मिनी तिच्या आसपासही नाही, पण ती दोन टनांच्या घरातली मोठी गाडी आहे. तुझ्या घरासमोरच्या बोळात ती वळेल, पण तुला मजा येणार नाही. मिनी जुन्या व्याख्येत बसत नाही. चार सीट, पुढच्या चाकांना ताकद. पण घाटात पन्नासच्या वेगातच चेहऱ्यावर हसू आणणारी गाडी मला बऱ्याच वर्षांनी भेटली, आणि माझ्या लेखी स्पोर्ट्‌स कारचं काम ते आहे. दोनशेच्या वेगाला मजा देणाऱ्या गाडीचा सोलापुरात काय उपयोग?

आता पोस्टकार्डाची दुसरी बाजू. गावात परत येताना होटगी रोडच्या उखडलेल्या पट्ट्यावर ताशी ४० ने, टप उघडा ठेवून गेलो आणि नजर आतल्या आरशावर ठेवली. उघडी गाडी खराब रस्त्यावर थरथरते का, हे बघायची ती सगळ्यात सोपी जागा आहे, कारण आरसा काचेच्या चौकटीला लटकलेला असतो. आरशातला मागचा टेम्पो थरथरला. फार नाही, पाण्यातल्या सावलीएवढा. टप बंद करून तोच पट्टा पुन्हा घेतला, तेव्हा थरथर बरीच कमी झाली. म्हणजे बॉडी घट्ट आहे, पण छपराच्या गाडीइतकी नाही, आणि शॉकअप कडक असल्यामुळे लहान खड्डासुद्धा आत पोचतो. स्पीडब्रेकरला मात्र मला भीती होती तेवढा त्रास झाला नाही. चाकं जवळ-जवळ असल्यामुळे पोट सहसा टेकत नाही. उंच ब्रेकर दिसला तर तिरपं घ्यायचं, एकेक चाक चढवायचं.

उन्हाबद्दल मी तुला गोड बोलणार नाही. अक्कलकोटला दुपारी एक वाजता गेलो, जानेवारी असूनही वळसंगपर्यंत टाळू तापली आणि मी टप बंद केला. एप्रिल-मेमध्ये आपला पारा ४२-४३ ला जातो. तेव्हा ही गाडी दिवसा उघडी चालवायचं मनात आणू नकोस. माझ्या हिशेबाने सोलापुरात टप पूर्ण उघडायचा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आणि रात्री जेवणानंतर, आणि जून-जुलैत ढगाळ हवा असेल तो प्रत्येक दिवस. ते ढगाळ दिवस सोडू नकोस, आपल्याकडे पाऊस कमी आणि ढग जास्त, ही गाडीच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. एक मधला मार्गही आहे. टपाचा पुढचा भाग तेवढा ४० सेंटिमीटर मागे सरकतो, सनरूफसारखा, आणि तो कुठल्याही वेगाला. मला वाटतं तू निम्म्या वेळा तेवढाच वापरशील. टप बंद असताना एसी व्यवस्थित गार करतो, कापड जाड आणि थरांचं आहे. पण उघडी गाडी उन्हात उभी करून पाच मिनिटं जरी दुकानात गेलीस तरी पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताला चटका देईल. लहान मूल बसवण्याआधी ते आपल्या हाताने तपासायचं, दरवेळी. आणि सीट काळी घेऊ नकोस.

धूळ हा उन्हापेक्षा मोठा शत्रू आहे. टपाच्या घडीत, सांध्यात, रबराच्या बीडिंगमध्ये बारीक माती बसते आणि प्रत्येक उघड-झाकीला ती कापडाला व रबराला पॉलिशपेपरसारखी घासते. म्हणून आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने, कापडाच्या विणीच्या दिशेने झाडायचं. प्रेशरची नळी जवळ धरून टप धुवायचा नाही, कपड्याचा साबण लावायचा नाही. बीडिंगला महिन्यातून एकदा सिलिकॉनचा हात द्यायचा, नाहीतर आपल्या उन्हात रबर कडक होऊन पहिल्या अवकाळी पावसात थेंब आत येईल. आणि ओला टप कधीही घडी करायचा नाही. ओली सोलापुरी चादर घडी करून कपाटात ठेवलीस तर चार दिवसांनी तिला जो वास आणि जे काळे ठिपके येतात, तेच इथे होतं, आणि टप काही चादरीसारखा उन्हात पिळून वाळत घालता येत नाही. वॉशिंग सेंटरला देऊ नकोस, घरीच धू, किंवा माझ्याकडे पाठव.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटकन. मागची सीट मोठ्या माणसासाठी नाही, तुझी लेक सहा वर्षांची आहे तोवर ठीक. डिकी टप उघडा असताना १६० लिटर, बंद असताना २१५, म्हणजे पंढरपूरला जाऊन यायचं सामान मावेल, लग्नाचं नाही. घडी केलेला टप मागे गठ्ठ्यासारखा बसतो, त्यामुळे मागचं दिसत नाही, गाडी मागे घेताना कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. गाडी ऑक्सफर्डच्या कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते, डिसेंबर २०२५ ला इथे आली तेव्हा किंमत साडेअठ्ठावन्न लाख एक्स-शोरूम होती, आणि आयात गाडीला आपल्या राज्यात रोड टॅक्सही चढा लागतो, तो हिशेबात धर. शोरूम सोलापुरात नाही. तेल-फिल्टर, ब्रेक मी बघेन, पण टपाच्या मोटरला किंवा त्याच्या तारांना मी हात लावणार नाही. ते काम कंपनीच्याच माणसाने करावं. वॉरंटीत टपाची यंत्रणा किती वर्षं धरली आहे, हे सही करण्याआधी लेखी घे.

घरात ही एकच गाडी राहणार असेल तर घेऊ नकोस. जावईबापूंची एसयूव्ही आहेच, तिच्या जोडीला घेत असशील तर माझा होकार आहे. फक्त पुण्याला टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा त्यांच्या सोयीच्या गुळगुळीत रस्त्यावर सकाळी फिरून परत येऊ नकोस. दुपारी एकची वेळ माग. लेकीला मागे बसव. एखादा खराब पट्टा शोध, टप उघड, चाळीसच्या वेगाने जा आणि आरशात बघ. पर्समध्ये एक पोस्टकार्ड ठेव. फूटपाथच्या कडेवर एक चाक चढवून दाराच्या फटीतून ते फिरव आणि कुठे अडलं ते मला फोनवर सांग. पाचपर्यंत मी गॅरेजवरच असतो.